जळगाव आणि धुळे : राहणीमान व जीवनमान

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मजकडे ‘खानदेशातील आपला समाज : काल, आज आणि उद्या’ असा विषय सोपविला होता. एवढ्या विस्तीर्ण विषयाला माझ्यासारख्याने हात घालणे म्हणजे घागरीने तापी उपसण्यासारखे आहे. म्हणून चिटणीसांच्या अनुमतीने मी तो आवरता घेतला आहे. दरवर्षी या स्मरणिकेसोबत वधूवरांची सूची निघते. ती मी मास्तरकीच्या सवयीने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतो. तीत ‘अपेक्षा’ नावाचा एक रकाना असतो. त्या रकान्यात मुलींच्या वडिलांनी लिहिलेले एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा आढळते : जळगावकडील बागायती स्थळ हवे, धुळ्याकडील नको. कोणी ‘नको’ असे स्पष्ट लिहीत नाही, कारण आपण सभ्य माणसे आहोत. ‘जळगाव, भुसावळ, रावेर, यावल येथील स्थळास प्राधान्य’ असे लिहितात. अर्थ एकच.

तेव्हा आज मी एवढाच प्रश्न घेतो की, या दोन शेजारच्या जिल्ह्यांपैकी राहण्यास चांगला कोणता, आणि ते ठरवावयाचे कशावरून?

याविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो किती? मी पदवीधर नाही. जुन्या भाषेत ज्याला मॅट्रिक म्हणत ते माझे शिक्षण, त्यावर अध्यापनाची पदविका आणि त्यानंतर अडतीस वर्षे जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. त्यांपैकी पहिली सतरा वर्षे धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात गेली; पुढची एकवीस आंतरजिल्हा बदलीने जळगाव जिल्ह्यात यावल तालुक्यात गेली. दोन्हीकडचे पाणी प्यालो, दोन्हीकडच्या मुलांच्या हातावर छड्याही मारल्या (त्या काळी तशी मुभा होती). अधिकार म्हणावयाचा तर तो एवढाच.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, हे दोन जिल्हे मुळात दोन नव्हते. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी खानदेश नावाचा एकच जिल्हा केला आणि त्याचे ठाणे धुळ्यास ठेवले. कॅप्टन ब्रिग्ज याने तेथे कारभार मांडला. पुढे कारभारास हा मुलूख अवाढव्य वाटू लागला, तेव्हा १९०६ साली त्याचे दोन तुकडे केले : पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर पूर्वेचे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे असे नामकरण झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे आज आपण ज्याला धुळे जिल्हा म्हणतो तो धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा या चार तालुक्यांचा आहे. जळगावचे तालुके पंधरा. जुन्या पुस्तकातील धुळ्याचा आकडा घेऊन तो आजच्या जळगावच्या आकड्याशेजारी मांडणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नये. त्या जुन्या आकड्यात नंदुरबार दडलेला असतो.

भाषा म्हणाल तर अहिराणी दोन्हीकडे आहे, जरी रावेर-यावलकडची बोली वेगळी आणि साक्रीकडची वेगळी. वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, खापरावरचे मांडे हे सर्व सामाईक आहे. लग्ने तर शतकानुशतके इकडून तिकडे होतच आली. मग १९०६ सालच्या एका सरकारी रेघेने एवढा फरक कोठून आला?

तो रेघेने आणलेला नाही. तो मातीने, पाण्याने आणि आगगाडीने आणला. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात गाळाची खोल काळी जमीन आहे. धुळ्याकडे जसजसे पश्चिमेस जावे तसतसा सह्याद्रीच्या डोंगरांचा खडक वर येऊ लागतो, आणि शिंदखेड्याकडे पाऊसही हात आखडता घेतो. त्यात भर आगगाडीची. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० च्या दशकात चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा गेला. भुसावळ मोठे जंक्शन झाले. जळगावची केळी त्या मार्गाने दिल्लीपर्यंत पोहोचू लागली. धुळ्याच्या वाट्यास १९०० साली चाळीसगावहून एक फाटा आला आणि तो तेथेच थांबला. हमरस्त्यांच्या बाबतीत मात्र धुळे श्रीमंत आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते तेथे एकमेकांस छेदतात. परंतु रस्त्याने माल जातो तसाच माणूसही जातो. धुळ्याचा मुलगा शिकला की नाशिकला जाणारी गाडी धरतो. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटर लांबीच्या नव्या लोहमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या सप्टेंबरात मंजुरी दिली. तो धुळ्यावरून जावयाचा आहे. माझ्या आजोबांच्या तोंडीही त्याची चर्चा होती असे मला स्मरते. आता नातवंडांना त्यात बसावयास मिळो.

आता संपत्तीची तुलना करू. ती करावयास फार बुद्धी लागत नाही. जळगाव पुढे आहे. केळी आहे, कापूस आहे, सोन्याचा बाजार आहे. ठिबक सिंचनाचा मोठा उद्योग भवरलाल जैन यांनी तेथे उभा केला. ऊतिसंवर्धित रोपांमुळे केळीचा घड वजनदार झाला. जळगावच्या केळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गिरणेवर १९६९ साली आणि तापीवर हतनूर येथे १९८२ साली धरण झाले. यावल तालुक्यात माझ्या डोळ्यांदेखत मातीची धाब्याची घरे गेली आणि दुमजली बंगले आले. त्या बंगल्यांपुढे उभी राहिलेली चारचाकी मी रोज सायकलवरून पाहत असे.

परंतु राहणीमान आणि जीवनमान हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, ते मला पटत नाही. राहणीमान म्हणजे घरात वस्तू काय आहेत. जीवनमान म्हणजे त्या घरातल्या माणसाचे आयुष्य कसे चालले आहे. पहिले पाहुण्यास दारातून दिसते. दुसरे दिसण्यास त्या घरात राहावे लागते, विशेषतः सून म्हणून.

हा भेद माझा एकट्याचा नाही. मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांसही तो करावा लागला. युरोपात आयर्लंड आणि ब्रिटन हे असेच दोन शेजारी आहेत, पूर्वी एकाच राज्यातले. कागदावर आयर्लंडचे दरडोई उत्पन्न ब्रिटनपेक्षा कितीतरी अधिक दिसते. २०१५ साली तर त्या देशाचे उत्पन्न एकाच वर्षात पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढल्याचे जाहीर झाले. जगाने आश्चर्य केले. खरे कारण असे की, परदेशी कंपन्यांनी कराच्या सोयीसाठी आपली मालमत्ता व नफा तेथील वहीत मांडला होता. आयरिश माणसाच्या ताटात त्यामुळे एक बटाटाही वाढला नव्हता. अखेर त्या देशाच्या सांख्यिकी कचेरीस २०१७ पासून उत्पन्नाचे एक वेगळे, दुरुस्त माप छापावे लागले. घरोघरच्या प्रत्यक्ष उपभोगाचा हिशोब मांडला तर आयर्लंडची ती मोठी आघाडी उरत नाही. सारांश, वही आणि चूल यांत अंतर असते.

याच विचाराने १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे मानव विकास निर्देशांक निघाला. महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञाची ती कल्पना, आणि अमर्त्य सेन यांचे तीस साहाय्य. उत्पन्नासोबत आयुष्य आणि शिक्षण यांनाही त्यात गुण मिळतात, आणि तिन्ही मिळून शून्य ते एक यांच्या दरम्यान एक आकडा निघतो. महाराष्ट्राने आपल्या जिल्ह्यांसाठीही असा अहवाल दोनदा काढला, २००२ मध्ये आणि २०१२ मध्ये. दुसऱ्या अहवालातील २०११ चे गुण असे : जळगाव ०.७२३, धुळे ०.६७१, नंदुरबार ०.६०४. राज्याचा गुण ०.७५२. म्हणजे तिघेही भाऊ राज्याच्या सरासरीखाली; त्यांतल्या त्यात जळगाव वडील, धुळे मधला आणि नंदुरबार धाकटा. साक्षरताही त्याच क्रमाने. २०११ च्या जनगणनेत जळगाव सुमारे ७८ टक्के, धुळे ७३, नंदुरबार ६४.

येथपर्यंत ‘अपेक्षा’ रकान्यातील वडिलांचे बरोबर आहे. पैसा जळगावकडे अधिक, शाळा अधिक, साक्षरता अधिक. आता थोडे आत शिरू.

पाण्यापासूनच आरंभ करितो, कारण मुलगी देताना बाप पाणीच पाहतो. रावेर-यावलची बागायत म्हणतात ती आज मुख्यतः विहिरींवर आणि नळकूपांवर उभी आहे. मी यावलला गेलो तेव्हा जेथे पाणी लागे, तेथे निवृत्त होण्याच्या सुमारास कोरडी फुफाट निघू लागली होती. मग आणखी खोल, मग आणखी एक नळकूप. हे दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी सरकारी दप्तरात नोंदले गेलेले आहेत. तापीचे पावसाळी पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरविण्याच्या मोठ्या योजनेवर महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी २०२५ च्या मे महिन्यात करार केला, तो याच निकडीपोटी. केळीवर ‘सीएमव्ही’ नावाचा विषाणुरोग येतो तेव्हा लावलेली रोपे उपटून बांधावर फेकावी लागतात. वैशाख-ज्येष्ठातल्या एका वावटळीत घड लागलेली बाग आडवी होते. ज्याने त्या बागेवर कर्ज काढून बंगला बांधला, त्याच्या घरातली झोप कशी असते हे बंगल्याकडे पाहून कळत नाही.

आणि धुळ्याकडचे पाणी? ते थोडे आहे हे खरे. परंतु थोडे पाणी वाटून कसे घ्यावे, याची जी विद्या साक्री तालुक्याने जतन केली ती मला फार मोलाची वाटते. पांझरा आणि तिच्या उपनद्यांवर फड पद्धती नावाची सिंचनाची रीत निदान तीनशे वर्षे चालत आली. नदीवर दगडी बंधारा. त्यातून निघालेला पाट. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे फड. आणि एका फडात त्या हंगामास सर्वांचे एकच पीक, कोणाची जमीन कितीही असो. पुढच्या वर्षी फडांची अदलाबदल. पाणी सोडण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने स्वतः पाटाचे दार उघडावयाचे नाही, मग तो पाटील का असेना. वर्षातून एकदा सर्व मिळून पाटातला गाळ काढीत. आमच्या शाळेतील मुले त्या दिवशी हजर नसत, आणि मी त्यांची गैरहजेरी मांडीत नसे. पुढे वरच्या अंगास धरणे झाली, घरोघर विहिरी झाल्या आणि बहुतेक फड मोडकळीस आले. तरी भांडणाशिवाय पाणी वाटून घेणारे गाव हे जीवनमानात धरावयाचे की नाही? निर्देशांकात त्याला एक गुणही नाही.

पाण्याच्या कामांत धुळ्याने मोठी माणसेही पाहिली. सर विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या नोकरीत नवे असताना, १८८० च्या दशकात, पांझरेच्या पाण्यासाठी नळांचा वक्रनलिका-बंध बांधावयास धुळ्याकडेच आले होते. आणि आपल्या काळात शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले रुंद व खोल करून, त्यांवर बंधारे घालून पाणी मुरविण्याचे जे काम केले, ते पाहावयास दूरदूरचे लोक येऊन गेले.

औषधोपचाराचे पाहा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय धुळ्यास गेल्या शतकातच झाले. जळगावास ते २०१८ साली आले. मधल्या सुमारे तीस वर्षांत जळगावकडचा गरीब रुग्ण अवघड दुखणे झाले की नव्वद किलोमीटरवर धुळ्यास येत असे. श्रीमंत रुग्णास हे कळले नाही, कारण तो खासगी इस्पितळात किंवा थेट मुंबईस जात होता. उलट विद्यापीठ जळगावास १९९० साली झाले आणि तिन्ही जिल्ह्यांतील मुलांना पुण्याच्या विद्यापीठाचे हेलपाटे वाचले. त्यास २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या असोद्याच्या एका शेतकरी स्त्रीचे नाव विद्यापीठास मिळाले, ही गोष्ट मला मनापासून आवडते.

विद्याव्यासंगाचा मान कोणाचा, यावर मात्र मी निर्णय देणार नाही. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखिते आहेत, आणि १९३२ साली विनोबांनी गीतेवरील प्रवचने दिली ती धुळ्याच्या तुरुंगात. अमळनेरास तत्त्वज्ञान मंदिर आहे, आणि साने गुरुजी तेथील शाळेत मास्तर होते. आमच्या पेशातील माणूस म्हणून त्यांच्याकडे माझा कल जाणार, तेव्हा तो निर्णय दुसऱ्या कोणी द्यावा.

आता ज्या आकड्यासाठी मी हे सर्व बोललो, तेथे येतो.

जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयाच्या मुलांची वेगळी मोजणी होते. एक हजार मुलग्यांमागे मुली किती, हे त्यात निघते. निसर्गतः मुलगे किंचित अधिक जन्मतात. हजारामागे साधारण ९५० मुली असाव्यात. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात हा आकडा ९४४ आला. धुळ्यात ८९८. जळगावात ८४२. त्यापूर्वी दहा वर्षे, २००१ मध्ये, हेच आकडे अनुक्रमे ९६१, ९०७ आणि ८८० होते. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, म्हणून गावोगावची तुलना करण्यास आजही हाच आधार आहे.

मघाशी सांगितलेला मानव विकासाचा क्रम आठवा : जळगाव, धुळे, नंदुरबार. साक्षरतेचा क्रम तोच. आणि मुलींच्या जन्माचा क्रम अगदी उलटा : नंदुरबार, धुळे, जळगाव. ज्या जिल्ह्याच्या विकासास आपण शेवटचा नंबर देतो, तेथे निसर्गाने दिलेल्या मुली जवळजवळ सर्व जगात येतात. जेथे बंगले, मोटारी आणि साक्षरता अधिक, तेथे दर हजार मुलग्यांमागे शंभराहून अधिक मुली येण्यापूर्वीच नाहीशा होतात. ‘नाहीशा होतात’ हा शब्द मी सभ्यतेसाठी वापरला. त्या नाहीशा केल्या जातात.

माझ्या यावलच्या शाळेत पहिलीचा हजेरीपट दर जून महिन्यात नवा होई. त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे आधी मुलग्यांची नावे आणि खाली रेघ मारून मुलींची. ती रेघ वर्षावर्षाला पानावर खाली सरकत गेली. मी ती दरवर्षी स्वतःच्या हाताने आखीत होतो. जनगणनेचे आकडे पुढे वर्तमानपत्रांत छापून आले, तेव्हा मला नवल वाटले नाही.

धुळेकर बंधूंनी यावर लगेच मिशांवर ताव देऊ नये. ८९८ हा आकडाही निसर्गाच्या खालीच आहे. शिवाय त्यातील बरेचसे श्रेय आपले नव्हे. धुळे जिल्ह्यात सुमारे ३२ टक्के लोक आदिवासी आहेत, जळगावात सुमारे १४ टक्के. आदिवासी समाजात मुलीच्या लग्नात वरपक्षाने वधूच्या बापास देज देण्याची रीत आहे, हुंडा नाही. तेथे मुलगी झाली म्हणून कोणी तोंड काळे करीत नाही. पश्चिम साक्रीतील भिल्ल आणि कोकणा यांची घरे वगळली, आणि आपल्यासारख्या स्वतःस पुढारलेल्या म्हणविणाऱ्या समाजांची तेवढी मोजणी केली, तर धुळ्याचा आकडा कोठे जाईल हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत डोळे फिरवून पाहावे. आपण ज्यांना अडाणी म्हणत आलो, त्यांच्या मुलींनी आपल्या जिल्ह्याची लाज राखली आहे.

असे का व्हावे? पैशाने माणूस दुष्ट होतो असे म्हणून मी मोकळा होणार नाही. ते खरेही नाही. मी पाहिलेला प्रकार असा. पाणी आले, जमिनीस भाव आला. जमिनीचा भाव चढला तसा बागायतदार मुलाचा भाव चढला. पूर्वी पाच भांडी आणि लुगडे यांवर होणारे लग्न तोळ्यांवर आले, मग तोळ्यांवरून मोटारीवर. ज्याच्या घरी तीन मुली, त्याची केळीची तीन वर्षे लग्नांत जाणार. त्याच सुमारास कुटुंबे लहान झाली. दोनच अपत्ये, म्हणजे त्यांतला एक तरी मुलगा हवा. आणि १९८० च्या दशकात तालुक्याच्या गावी सोनोग्राफीचे यंत्र आले. त्याची फी साक्रीच्या कोरडवाहू शेतकऱ्यास जड होती. बागायतदारास ती पानसुपारी होती. कायदा झालाच. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांच्या आधी केला, १९९४ मध्ये केंद्राने केला. कायद्याने यंत्राच्या खोलीवर पाटी लावली. खोलीच्या बाहेर सासू, नवरा आणि कधीकधी आई बसलेली असे; तिच्यापर्यंत पाटी पोहोचली नाही. म्हणजे जे राहणीमान पाहून आपण मुलगी देतो, त्याच राहणीमानाने मुलगी महाग केली आणि महाग वस्तू घरात येऊ नये अशी तजवीजही करून दिली.

याचे फळ आता पदरात पडत आहे. आपल्याच सूचीत पाहा. मुलांची पाने किती आणि मुलींची किती? तिशी ओलांडलेले, पाच-दहा एकर बागायत असलेले, निर्व्यसनी मुलगे दर वर्षी पुन्हा छापले जातात. केवळ वयाचा आकडा बदलतो. काही घरांनी मध्यस्थास पैसे देऊन दूरच्या प्रांतातून सुना आणल्या. त्या सुनेस ना आपली भाषा येते, ना तिच्या माहेरचे कोणी पाच वर्षांत भेटावयास येते. तिच्या जीवनमानाचा हिशोब कोणत्या अहवालात येतो ते मला माहीत नाही. शेजारणींना मात्र माहीत असतो.

म्हणून मुलींच्या वडिलांस माझे सांगणे आहे. तुम्ही जळगावकडे मुलगी द्या, अवश्य द्या. तेथेही उत्तम घरे आहेत. माझी स्वतःची थोरली तिकडेच दिली आहे आणि ती सुखात आहे. धुळ्याकडे द्याल तरी आनंद. परंतु जिल्ह्याचे नाव पाहून घराची परीक्षा करू नका. शिवाराचे एकर विचाराल तसे हेही विचारा : या घरात मागल्या पिढीत मुली किती जन्मल्या आणि किती शिकल्या? थोरल्या सुनेने लग्नानंतर परीक्षा दिली का? पिण्याचे पाणी घरात येते की बाई डोक्यावर आणते? नळकूप किती आणि त्यांवर कर्ज किती? हे विचारणे असभ्य नाही. मुलाचा पगार आपण विचारतोच, तोही पाहुणचाराचा चहा हातात असताना.

मंडळाच्या विचारार्थ मी दोन गोष्टी लेखी दिल्या आहेत. पहिली, वधूवर-सूचीच्या अर्जातील ‘अपेक्षा’ या रकान्यात जिल्ह्याचे नाव छापू नये. त्याऐवजी घरातील मुलींचे व सुनांचे शिक्षण असा नवा रकाना घालावा. काही सभासदांचे मत आहे की, अशाने अर्ज कमी येतील. येऊ देत; ज्या घराला हा रकाना भरावयास संकोच वाटतो ते घर कोणते, हे आपोआप कळेल. दुसरी गोष्ट, सरकारची जनगणना होईल तेव्हा होईल. आपल्या समाजाची तेवढी मोजणी आपण स्वतः करावी. गेल्या पाच वर्षांत दोन्ही जिल्ह्यांत आपल्या घरी जन्मलेली मुले, गाववार, एवढेच लिहावयाचे. घराचे वा बाईचे नाव लिहावयाचे नाही, कोणावर बोट ठेवावयाचे नाही. प्रत्येक गावातील आपल्या निवृत्त शिक्षकाने मनावर घेतले तर हे काम एका सुटीत होण्यासारखे आहे, आणि निवृत्त शिक्षकांस सुटीवाचून दुसरे काही नसते.

त्यासाठी एक साधा तक्ता मी आखून आणला आहे. तो सभागृहाच्या मागील बाजूस भोजनाच्या कुपनांशेजारी ठेविला आहे. धुळे आणि जळगाव, दोन्ही शाखांच्या मंडळींनी जाताना आपापल्या गावांपुरत्या प्रती न्याव्यात आणि दिवाळीपूर्वी भरून चिटणीसांकडे पाठवाव्यात. तक्त्यात मुलींचा रकाना आधी ठेविला आहे, मुलग्यांचा नंतर. हजेरीपटात ते मला कधी करता आले नाही.